सुतारमास्तरांचा अभिप्राय

सुतारमास्तरांबद्दल मी लिहावं इतकी माझी त्यांची ओळख नव्हती. मी तुरुंगाच्या कचेरीत कारकून, ते मागच्या अंगणातल्या सुतारशाळेत शिकवणारे. बावीस वर्षं एकाच फाटकातून आमचं जाणं-येणं, पण त्यांना मुलं किती, हेसुद्धा मला कधी कळलं नाही. तरी एक गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडली, आणि तिच्यात थोडा दोष माझाही आहे. म्हणून हा खटाटोप.

मास्तर नोकरीला लागले तेव्हा सुतारशाळेच्या जागी दगड फोडायची शेड होती. कैद्यांनी सकाळी दगड फोडायचे, संध्याकाळी खडीचा ढीग या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी तोच परत आणायचा. हे कशासाठी, असं मास्तरांनी एकदा जुन्या जमादाराला विचारलं.

"शिक्षा आहे ती," जमादार म्हणाला. "तिला आणखी कशासाठी काय हवं?"

पुढे वारं फिरलं. खडी गेली, रंधे आले. फाटकावर 'सुधारगृह' अशी पाटी लागली, तीही मास्तरांच्याच हाताखाली तयार झाली. "पाटी नवी, बिजागऱ्या त्याच," असं म्हणून ते मिशीत हसायचे.

माणूस तोंडाचा फटकळ. कुणाची करवत अडखळली की म्हणायचे, "अरे, लाकूड कापतोयस की त्याचे दात उपटतोयस?" पण हात धरून शिकवायचे, आणि कोण कशापायी आत आलाय हे कधी विचारायचे नाहीत.

त्यांचा सगळ्यात चांगला शिष्य म्हणजे शिडी. उंचीमुळे हे नाव पडलेलं. भांडणात त्यानं शेजाऱ्याच्या डोक्यात पहार घातली होती; शेजारी जागीच गेला. शिडी आत आला तेव्हा त्याची मुलगी रांगत होती. आता ती आत्याबरोबर भेटीला यायची आणि जाळीपलीकडून बापाला पाढे म्हणून दाखवायची.

नवव्या वर्षी शिडीचं नाव लवकर सुटकेच्या यादीत लागलं. त्याचा छापील कागद प्रत्येक खात्यात फिरायचा. शेवटच्या रकान्यात मास्तरांनी लिहायचं होतं: 'सुधारणा, अभिप्राय'. मास्तरांनी लिहिलं, 'अजून कच्चा. आणखी वर्षभर हाताखाली हवा.'

आता मास्तरांची भाषा आम्हाला ठाऊक होती. ज्याला साधा खिळा सरळ ठोकता येत नसे, त्याच्यापुढे ते 'चालेल' लिहून मोकळे व्हायचे. ज्याच्या हातात कसब दिसे, त्यालाच 'कच्चा' म्हणायचे. ते शेरे लाकडाचे असत, माणसाचे नसत. हे मला कळत होतं. तरी मी तो कागद सुवाच्य अक्षरात उतरवला आणि पुढे धाडला. आपण कशाला मध्ये पडा, असं वाटलं.

त्या यादीतले दोन 'चालेल' सुटले. शिडीचा अर्ज 'कच्चा' या शेऱ्यावरून नामंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी शिडी शाळेत आला, पण रंध्याला हात लावेना. मास्तरांनी हाक मारली तेव्हा एवढंच बोलला, "मला कच्चा म्हणालात ना मास्तर? मग राहतो की. पोरीचं लग्न होईपर्यंत राहतो."

मास्तर तसेच भुशाने भरलेल्या कपड्यांनी कचेरीत आले. मी त्यांना नक्कल दाखवली. दोनदा वाचून ते खुर्चीत बसले. "अहो, मला वाटलं कामाबद्दल विचारतायत," म्हणाले. "मला दुसरं काय कळतं?"

फेरविचाराचा अर्ज मीच लिहून दिला. महिन्याभरानं समितीनं मास्तरांना बोलावलं. टिपणं घ्यायला मी कोपऱ्यात होतो. अध्यक्षबाई जुन्या न्यायाधीश, आवाज मऊ पण नजर करडी.

"हा शेरा तुमचाच ना?"

"माझाच, बाई. पण कच्चा आहे तो सांधा. चौकटीचा सांधा करताना घाई करतो."

"आम्ही सांध्याबद्दल विचारलं नव्हतं. माणूस सुधारलाय का, ते सांगा."

मास्तर बराच वेळ हातातली टोपी चुरगळत राहिले. मला वाटलं, म्हणा हो, सुधारला म्हणा आणि सोडवा एकदाचं.

"ते मोजायचं माप माझ्याकडे नाही," ते अखेर म्हणाले. "पहिल्यांदा आला तेव्हा काम बिघडलं की भिंतीवर फेकायचा. परवा अख्खं टेबल बिघडलं. रडकुंडीला आला, पण सगळं उलगडून पुन्हा जुळवलं. मी एक शब्द बोललो नव्हतो."

"आणि बाहेर जाऊन पुन्हा कुणाच्या डोक्यात घातलं तर?" दुसऱ्या सदस्यानं विचारलं.

"तर मी चुकलो असं म्हणेन. दुसरं काय म्हणणार? पण वर्षभर आणखी ठेवलात तर फक्त सांधा सुधारेल साहेब. तेवढ्यासाठी बापाला कोंडून ठेवू नका. सांधे बाहेरही शिकता येतात."

बाईंनी कागद जवळ ओढला आणि मास्तरांचा शेरा खोडायला लागल्या. मग थांबल्या. तो तसाच ठेवून त्यांनी खाली लिहिलं, 'सुतारकामापुरतं.' आणि मंजुरीची सही केली.

शिडी सुटला त्याच आठवड्यात माझी बदली झाली. दोन वर्षांनी मास्तर गेल्याचं कुणाकडून तरी ऐकलं. आमचं शेवटचं बोलणं झालं ते शिडी गेला त्या सकाळी, फाटकाबाहेर. तो बहिणीबरोबर आणि मुलीबरोबर बसथांब्याकडे चालला होता. आम्ही दोघं बघत उभे होतो.

"पोरीची चप्पल तुटलीय वाटतं," मास्तर म्हणाले.

"हो, पाय ओढत चाललीय."

"उचलून घ्यावं की त्यानं."

"घेईल हो."

"घेतलं, घेतलं." मास्तर वळले. "तुमचा चहा झाला?"

"नाही अजून."

"मग जा, घ्या. निवेल."