धोंडाबाई अफू खात नव्हती

मी गावातला कार्यकर्ता, भेटायला गेलो तर येरवडा तुरुंगाच्या जाळीआडून धोंडाबाईनं मला पहिलं विचारलं ते हे, "भाऊ, आमच्या ह्यांला शेकायला पानी कोन तापवतं?"

'हे' म्हणजे कुंडलिक. डिंभ्याच्या धरणात मासे धरता धरता माणसाचे गुडघे गेले. उठता-बसता जीव जायचा. चिमूटभर अफू दुधातून दिली की कळ थांबते, असं जुन्या बायका सांगायच्या. नाशिक रस्त्याच्या ढाब्यावर एका ट्रकवाल्याकडून तिनं चिंचोक्याएवढी गोळी घेतली आणि तिथंच धाडीत सापडली. साल दोन हजार.

फौजदारानं विचारलं, "खातेस का?"

"मी? मी मिसरीबी लावत न्हाई! दुसऱ्याला देते."

ताठ मानेनं बोलली आणि फसली. तेव्हाचा कायदाच तसा. थोडी अफू स्वतः खायला बाळगली तर काही महिने. दुसऱ्याला द्यायला असेल तर कमीत कमी दहा वर्षं, मग गोळी असो की पोतं! पोतंवाला आणि धोंडाबाई एकाच तागडीत. ह्याला न्याय म्हणायचं?

वकील म्हणाले, "मावशी, खात होते म्हणा. सुटाल."

"अन् आमच्या अश्विनीचं लगीन? अफू खाणारीची लेक कोन करून घेईल?"

मी भडकलो. "दहा वर्षं कुजशील, बाई!"

"कुजंन. खोटं न्हाई बोलायची."

मग माझा राग मी चौकात काढला. सह्या, मोर्चे, आमदाराच्या दारात ठिय्या. आमच्यामुळं कायदा बदलला असं मी म्हणणार नाही, दिल्लीला आमचा आवाज कुठला जातोय! पण दोन हजार एकच्या ऑक्टोबरात तो बदलला. आता वजन बघायचं. माल थोडा असेल तर सहा महिन्यांपर्यंत, कुणासाठी का असेना. चालू खटल्यांनाही तेच लागू.

पुण्याच्या कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल?"

"गोळी माझी व्हती, सायेब. पन मी खात नव्हते. तेवढं लिवा."

"त्यानं आता शिक्षेत फरक पडत नाही, बाई."

"तुमाला नसंल पडत."

न्यायाधीश हसले आणि लिहून घ्यायला सांगितलं. शिक्षेपेक्षा जास्त तुरुंग तिनं आधीच भोगला होता. सुटली.

शिवाजीनगरला डिंभ्याची एसटी काही येईना. बाकड्यावर बसून तिनं, तिला न्यायला आलेल्या कुंडलिकचे गुडघे चेपायला घेतले.

"दुखतंय?"

"छ्या! जरासुद्धा न्हाई."

"खोटं बोलू नका," ती म्हणाली आणि चेपत राहिली.