बी बाजूचं तिसरं गाणं

सांगलीत त्या काळी असला बाजा ऐकणारे आम्ही पाचजण होतो. सहावा कुणी असेल तर तो आम्हाला कधी भेटला नाही. सत्तरच्या दशकाची मधली वर्षं होती. विश्रामबागच्या कॉलेजात आमच्या वर्गातली पोरं सिनेमाची गाणी ऐकत, जुन्या वळणाची थोडी पोरं नाट्यगीतं. आम्हाला मात्र गिटारीचा तो करकरीत आवाज लागायचा, छातीवर दणका बसणारा. ‘हेवी मेटल’ हा शब्द मी एका इंग्रजी साप्ताहिकाच्या जुन्या अंकात वाचला आणि आमच्यात आणला. त्याचा मला बरीच वर्षं अभिमान होता.

रेकॉर्ड प्लेअर एकाकडेच होता. त्याचे वडील हळदीचे व्यापारी, घर जैनांचं. खाली गोदाम, वर त्याची खोली. हळदीची पूड हवेतच असायची. हात कितीही धुवा, एलपीच्या पांढऱ्या कव्हरांवर पिवळी बोटं उठायचीच. रविवारी दुपारी आम्ही तिथं जमायचो. त्यांच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं व्हायची, त्यामुळे त्याच्या आईची खालून हाक आली की बैठक मोडायची.

नवी एलपी वर्षाकाठी पाच-सहाच यायच्या. सांगलीच्या दुकानात त्या मिळत नसत. कुणी पुण्याला किंवा मुंबईला गेला तर आणायचा आणि मग आठवडाभर तिच्याविषयीच बोलणं. रविवारी दोन्ही बाजू गप्प बसून ऐकायच्या, कुणी मधे बोलायचं नाही, आणि मग एकेकानं आपलं मत सांगायचं, असा आमचा रिवाज होता. परीक्षेत उत्तरं लिहिली नसतील इतकं मन लावून आम्ही ती मतं देत होतो.

माझ्या मताला वजन होतं. त्याचं कारण आज लिहायला हरकत नाही. माझा मावसभाऊ मुंबईला होता, तो मला साताऱ्याच्या घरच्या पत्त्यावर त्या साप्ताहिकाचे जुने अंक पाठवायचा. त्यात नव्या एलपींची परीक्षणं असत. मी ती पाठ करायचो. बऱ्याचदा रेकॉर्डवर सुई टेकायच्या आधीच माझं मत तयार असायचं. एकदा व्यापाऱ्याच्या मुलानं मोठ्या हौसेनं एक एलपी आणली. तो ऐकताना डोळे मिटून डोलत होता. संपल्यावर मी म्हणालो, मागच्या एलपीपेक्षा ह्यात भपका जास्त आणि तयारी कमी. त्यानं मान हलवली, रेकॉर्ड कव्हरात घातली आणि ती पुन्हा कधी लावली नाही. त्याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही.

आमच्यातला एकजण शिराळ्याकडचा होता. घरी उसाची शेती, दोन थोरले भाऊ फौजेत. इंग्रजी त्याचं बेताचं, गाण्यांचे शब्द त्याला फारसे कळत नसत आणि ते तो लपवतही नसे. तो बहुतेक वेळा शेवटी बोलायचा, तेही एखादं वाक्य. त्यानं स्वतः एलपी अशी कधी आणली नव्हती. तिसऱ्या वर्षाला असताना तो एका भावाला गाडीत बसवून द्यायला पुण्याला गेला आणि येताना तिथल्या लष्कर भागातल्या एका दुकानातून एलपी घेऊन आला. दुकानदारानं त्याला तीन-चार लावून दाखवल्या होत्या. त्यातली ही त्यानं स्वतः निवडली होती.

त्या बँडचं नाव आम्ही कुणीच ऐकलेलं नव्हतं. मी कव्हर उलटसुलट करून पाहिलं. हे नाव माझ्या साप्ताहिकात आलं नव्हतं, म्हणजे माझ्याकडे मत नव्हतं. मला आठवतं, मी त्या दिवशी आधीपासूनच चिडलेला होतो.

दोन्ही बाजू झाल्या. आमची मतं झाली, कुणाला बरी वाटली, कुणाला साधारण. मग तो बोलला. नेहमीपेक्षा जास्त बोलला.

“त्या ड्रमवाल्याकडं ध्यान द्या,” तो म्हणाला. “बी बाजूला एक गाणं हाय, त्यात ह्यो दमतोय. हात जड पडायला लागल्यात त्येचे. आन् बाकीचे तिघं त्येला सोडून फुडं जात न्हाईत. त्येच्यासाठी हळू हुत्यात. मला ते लय आवडलं.”

कुणीतरी, खरं आहे, असं म्हणणार इतक्यात मी बोललो.

“अरे, ही काय तुमच्या शिराळ्याची नागपंचमीची मिरवणूक आहे का, ढोलवाला दमला म्हणून सगळ्यांनी थांबायला?”

सगळे हसले. तोही हसला. मी आणखी पुढे गेलो. ताल सुटतो त्याला कच्चं वाजवणं म्हणतात, आणि दुकानदारानं न खपणारा माल तुझ्या गळ्यात मारला, असं मी त्याला समजावून सांगितलं. तो ऐकून घेत होता. नंतर रेकॉर्ड आत घालताना त्याला कव्हरातला कागद किती वेळ नीट बसवता येईना, हे मी पाहिलं. पाहिलं आणि खालून हाक आली म्हणून उठलो.

दिवाळीच्या सुट्टीत मी साताऱ्याला घरी होतो. तिथं त्याचं पत्र आलं. सहा पानं, पाठपोट. तू हसलास त्यावर विचार करतोय, असं सुरुवातीलाच लिहिलं होतं, रागाचा शब्द कुठं नव्हता. पुढं लिहिलं होतं की इथं मशीन नाही, पण उसाला पाणी पाजताना अख्खी रेकॉर्ड डोक्यात वाजते. ते गाणं बी बाजूचं तिसरं, हेही त्यानं लिहिलं होतं. मग त्यानं ते गाणं मला उलगडून दाखवलं होतं, कुठं ड्रमवाला मागं पडतो, कुठं गिटारवाला ते ओळखतो, कुठं गाणारा शब्द लांबवून त्याला दम खायला जागा देतो. त्याच्या भावानं त्याला सांगितलं होतं की लांबच्या चालीत पलटण सगळ्यात हळू माणसाच्या पायानं चालते. “ह्या चौघांचं तसं हाय,” असं त्यानं लिहिलं होतं. “दमल्याला मागं टाकून वाजवलं असतं तर गाणं चांगलं झालं असतं, पण खोटं झालं असतं.”

बाजावर असं लिहिलेलं मी त्या साप्ताहिकातही वाचलेलं नव्हतं. मी ते पत्र दोनदा वाचलं. उत्तर लिहायला बसलो, पण तुझं बरोबर होतं हे वाक्य कागदावर येईना. मग उत्तराचं राहूनच गेलं.

सुट्टीनंतर कॉलेजच्या वार्षिक अंकाचं काम निघालं. आमच्या मराठीच्या सरांनी मला बोलावून विचारलं, तुम्ही मुलं ते काय ऐकता त्याच्यावर लिहाल का. मी हो म्हणालो. चार दिवस कागद कोरा राहिला. माझ्याजवळ जे होतं ते सगळं त्या साप्ताहिकाचं होतं आणि मराठीत आणलं की पोकळ वाजायचं. पाचव्या दिवशी मी ट्रंकेतून ते पत्र काढलं.

सुरुवातीला मी एकच वाक्य घेतलं. मग त्याला लागून दुसरं घेतलं. ‘हाय’चं ‘आहे’ केलं, ‘त्येचं’चं ‘त्याचं’ केलं. पलटणीचा दाखलाही घेतला आणि माझे एक नातेवाईक सैन्यात आहेत असं वर लिहिलं. माझ्या सात पिढ्यांत सैन्यात कुणी गेलेलं नाही. लेख पुरा झाला तेव्हा त्यात माझं म्हणावं असं वर घातलेलं नाव होतं, बाकी थोडंच.

अंक निघाला. सरांनी तासाला तो पलटणीचा परिच्छेद वर्गात वाचून दाखवला आणि म्हणाले, पाहा, कान उघडे असले की परक्या संगीतातलाही माणूस दिसतो. पोरं वळून माझ्याकडे बघत होती. तो शेवटून दुसऱ्या बाकावर बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या खोलीवर आला. हातात अंक होता. मी त्याला खुर्ची दिली, तो कॉटवर बसला. काय बोलायचं ते मी रात्रभर ठरवलेलं होतं, पण तो समोर बसल्यावर मी विचारलं, “वाचलास का?”

“वाचला. भाषा लय सुधारलीस.”

त्यानं अंक उघडला, पान काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“तिसरं न्हाई रं. ते दुसरं गाणं हाय. मी आठवणीनं लिवलं हुतं, चुकलं माझं.” अंक मिटून तो म्हणाला, “छापायच्या आधी तू एकदा ऐकायचंस तरी.”

एवढंच बोलला. पाणी पिऊन गेला. जाताना अंक कॉटवर तसाच ठेवला.

तो चिडला असता, चारचौघांत माझं पितळ उघडं पाडलं असतं, तर मी कदाचित वाचलो असतो. त्यानं कुणालाही सांगितलं नाही. रविवारी येणं तेवढं बंद केलं. अभ्यास राहिलाय, असं तो व्यापाऱ्याच्या मुलाला सांगायचा. त्यानं पुण्याहून आणलेली एलपी गोदामावरच्या खोलीतच पडून होती. एका रविवारी मी ती लावायला सांगितली. बी बाजूचं दुसरं गाणं आलं आणि त्यानं लिहिलेलं सगळं मला ऐकू आलं. ते काढा म्हणून सांगायची सोय नव्हती, शेवटपर्यंत ऐकावं लागलं.

परीक्षेआधीच तो कॉलेज सोडून गेला. फौजेच्या भरतीत निवड झाली होती, घरचीही तशीच इच्छा होती, असं कळलं. माझ्यामुळे तो गेला असं मी म्हणणार नाही, तेवढी माझी किंमत नव्हती. पण त्याला निरोप द्यायला स्टँडवर आम्ही चौघं जायला हवे होते आणि तिघंच गेले.

तो पलटणीत हजर व्हायच्या आधी घरी आहे असं समजल्यावर मी एकदा शिराळ्याच्या एसटीत बसलो. माफी मागायचं ठरवून बसलो होतो. वाटेत आष्ट्याला गाडी थांबली तेव्हा चहा प्यायला उतरलो. चहा पिताना मनात आलं, त्याच्या घरी आई-वडील असतील, भाऊ सुट्टीवर आला असेल, त्यांच्यासमोर काय सांगणार. कंडक्टरनं दोनदा घंटी दिली. मी चहाचा पेला हातात धरून उभा राहिलो आणि गाडी गेली. समोरून सांगलीची गाडी येत होती, ती पकडून परत आलो.

पुढे मला साताऱ्यातच बँकेत नोकरी लागली. चारेक वर्षं गेली असतील. एका सकाळी साताऱ्याच्या स्टँडवर कुणीतरी मागून खांद्यावर हात ठेवला. तोच होता. केस बारीक कापलेले, अंगानं भरलेला, पायाशी काळी ट्रंक. सुट्टी संपवून निघाला होता, पुण्याची गाडी यायला अर्धा तास होता. लग्न झालं होतं, मुलगी झाली होती. ते सगळं त्यानं आनंदानं सांगितलं. मला ऐकवेना. मधेच तोडून मी म्हणालो, “मी तुझं पत्र चोरलं. तुझ्यावर सगळ्यांना हसवलं आणि मग तेच माझ्या नावानं छापलं. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं.”

तो ट्रंकेवर बसला होता.

“व्हय,” तो म्हणाला. “तवा बोलला असतास तर बरं वाटलं असतं. आता मी त्येचं काय करू?”

आवाजात राग नव्हता. माझ्या तोंडाकडे बघून त्यालाच अवघडल्यासारखं झालं असावं, कारण त्यानं विषय बदलला. चौकीवर ट्रान्झिस्टरशिवाय काही नसतं, वर्षानुवर्षं तसला बाजा कानावर पडला नाही, असं म्हणाला. मग त्यानं विचारलं, “नवं काय आलंय रं? काय घेतलंस अलीकडं?”

मी महिन्यापूर्वीच मुंबईहून एक एलपी आणली होती. मन हलकं झालं होतं आणि समोर ती भाषा कळणारा माणूस बसला होता, तोही किती वर्षांनी. मी बोलत सुटलो. गिटार कशी आहे, मागच्या दोन एलपींपेक्षा कुठं सरस आहे, कुठं पडली आहे, गाणारा बदलल्यानं काय बिघडलं. तो मान हलवत ऐकत होता. दोनदा त्यानं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं असं आता वाटतं. पुण्याची गाडी लागली. ट्रंक वर चढवायला मी हात दिला. खिडकीतून त्यानं हात केला आणि गाडी फलाटावरून मागं वळून निघून गेली.

बँकेकडे चालत जाताना, अर्ध्या वाटेवर माझ्या ध्यानात आलं की मी त्याला काहीच विचारलं नव्हतं.