सत्त्याण्णववर केलेली सही

लालबागच्या मराठी शाळेत मी बावीस वर्षं विज्ञान शिकवते. या बावीस वर्षांत दहावीची किती जर्नलं माझ्या सहीखालून गेली, ते मला सांगता येणार नाही. ती कशी भरली जातात, ते मात्र नेमकं सांगता येईल. ताईचं किंवा शेजारणीचं जुनं जर्नल आणायचं, उतरवायचं, बाईंपुढे ठेवायचं. मीही परळच्या शाळेत तसंच केलं होतं. पाणी शंभर अंशांना उकळतं, त्यात बघायचं काय?

यंदा एका मुलीच्या जर्नलमध्ये सत्त्याण्णव लिहिलेलं होतं. तिची आई चिंचपोकळीला मासळी विकते. मुलगी वर्गात फारसं बोलत नसे. मी म्हटलं, "खोड आणि शंभर लिही."

"पण बाई, पारा सत्त्याण्णवच्या वर चढलाच नाय. मी दोनदा बघितलं."

माझा पारा मात्र लगेच चढतो. "पुस्तक लिहिणारे काय खुळे होते?" असं म्हणून मी जर्नल तिच्याकडे सरकवलं आणि सही केली नाही. सही नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. परीक्षा चार दिवसांवर आली होती.

दुसऱ्या दिवशी ती डब्यातून बर्फ घेऊन आली, आईच्या टोपलीतला. प्रयोगशाळेत बोंबलांचा वास सुटला. वितळत्या बर्फात तिने तोच थर्मामीटर उभा धरला. पारा शून्यावर थांबायला हवा होता, तो तीन रेघा खाली गेला.

"बाई, हा सगळीकडेच तीन कमी दाखवतो."

मला ते पटलं होतं. पण कबूल करायला जीभ रेटेना. मी म्हटलं, "मासळीच्या बर्फात मीठ असतं. मिठाने तापमान आणखी उतरतं." शास्त्र खरं होतं, हेतू तितका साफ नव्हता. तिने वाद घातला नाही. वहीत "मीठ?" एवढं लिहून घेतलं आणि डबा धुवायला गेली.

तिसऱ्या दिवशी तिने रसवंतीवाल्याकडून स्वच्छ बर्फ आणला. पुन्हा तीन रेघा खाली. एव्हाना अर्धा वर्ग टेबलाभोवती जमला होता. कुणीतरी कपाटातून दुसरा थर्मामीटर काढला. तो बर्फात बरोबर शून्यावर थांबला आणि उकळत्या पाण्यात शंभरावर. दोष कुणाचा, ते सगळ्यांना दिसलं.

तेवढ्यात मागून एकीने विचारलं, "मग तोच थर्मामीटर वापरून आमच्या गटाने शंभर कुठून लिहिलं?"

सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. उत्तर माझ्याकडेच होतं. "माझ्यामुळे," मी म्हटलं. लाज वाटली, पण बरंही वाटलं. त्या दुपारी वर्गाने कपाटातले सगळे थर्मामीटर बर्फात बुडवून तपासले, आणि ज्याचं चुकत होतं त्याला चिठ्ठी बांधली. मी लाल पेन काढून तिच्या सत्त्याण्णवखाली सही केली.

परीक्षेला दादरच्या एका शाळेतले सर आले होते. जर्नलं चाळता चाळता ते त्या पानावर थांबले. तिने त्यांना बर्फाचं सगळं सांगितलं, मिठाची शंकासुद्धा. सर खूश झाले. "छान. हे बाईंनी शिकवलं वाटतं?"

"नाय सर. बाई तर सहीच करत नव्हत्या."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. परक्या शाळेच्या माणसासमोर माझी विद्यार्थिनी माझी चूक सांगत होती, तीही न घाबरता, जसं दिसलं तसं. बावीस वर्षांत मला स्वतःच्या शिकवण्याचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.