पाहिले, वाचले, ऐकले

डोंबिवलीच्या आमच्या वाचनालयाबाहेर एक फळा होता. रोज सकाळी आठ वाजता पेठेकाका त्यावर बातम्या लिहीत. बातम्या चार-पाचच; पण प्रत्येकीच्या शेवटी ते कंसात एक शब्द घालत : ‘पाहिले’, ‘वाचले’ किंवा ‘ऐकले’. स्टेशनवर लावलेला कागद स्वतः बघून आले, तरच ‘पाहिले’. वर्तमानपत्रातलं ते ‘वाचले’, मग पत्र कितीही मोठं असो. बाकी सगळं ‘ऐकले’.

काका रेल्वेत तारबाबू होते. आलेली तार परत वाचून दाखवल्याशिवाय तिथं काम पुरं होत नसे. निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नाही. उद्या येणार नाही असं दूधवाल्यानं सांगितलं, तर काका त्याला ते पुन्हा म्हणायला लावत. मी तेव्हा शाळेत शिकवत असे आणि संध्याकाळी वाचनालयात पुस्तकांची देवघेव पाहत असे. मला याद्या करायची आवड, म्हणून आमचं जमलं. “बाई, तुमची यादी आणि माझा फळा, दोन्हींत अंदाज चालत नाही,” असं ते म्हणत.

एकदा केसांच्या तेलाचा विक्रेता आला. या तेलानं आठ दिवसांत टक्कल भरतं, एवढी एक ओळ लिहा म्हणाला. काकांनी टोपी काढून डोकं पुढं केलं. “लावा. आठ दिवसांनी या. उगवलं, तर ‘पाहिले’ म्हणून लिहितो.” तो पुन्हा फिरकला नाही.

असा माणूस एकदा चुकला. गावची निवडणूक आठ दिवसांवर होती. काकांचे शाळेपासूनचे मित्र भाऊसाहेब उभे होते. ते सकाळीच फळ्यापाशी आले आणि म्हणाले, नळाला ठाण्याहून मंजुरी आली, वैशाखात पाणी येईल. काकांनी कागद मागितला. कागद ठाण्याच्या कचेरीत आहे, पण मी तो वाचला आहे, असं भाऊसाहेबांनी सांगितलं. काका खडू धरून थांबले, तसे भाऊसाहेब हसून म्हणाले, “वामन, माझ्यावरही विश्वास नाही का रे?”

काकांनी बातमी लिहिली. पुढं लिहिलं, ‘पाहिले’. मी शेजारीच उभी होते. ओळ वाचली आणि शाळेकडे निघाले.

आमची आळी एकाच विहिरीवर जगत होती. दर चैत्रात पाणी खाली गेलं की घरटी एक माणूस तिचा गाळ काढायला जाई, आणि पाळ्यांची यादी मी करत असे. त्या वर्षी लोक म्हणाले, नळ येतोय, काकांनी पाहिलंय, आता कशाला गाळ उपसायचा? मीही यादीवर काट मारली. भाऊसाहेब निवडून आले. वैशाखात विहिरीत चिखल उरला आणि बायका हंडे घेऊन खाडीकडच्या विहिरीपर्यंत पायपीट करू लागल्या. मंजुरी आलीच नव्हती. नुसता अर्ज गेला होता.

काकांनी ठाण्याला जाऊन ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर एकच मजकूर होता : “नळाच्या मंजुरीचा कागद मी पाहिला नव्हता. पाहिले असे लिहिले, ते खोटे. विहिरीचा गाळ आज काढू. वामन पेठे.”

भाऊसाहेब दुपारी आले. ते पुसून टाका, लोक चार दिवसांत विसरतील, असं समजावत राहिले. काका म्हणाले, “विसरतील म्हणूनच लिहिलंय.” भाऊसाहेब निघून गेले. पुढं दोघांचं बोलणं राहिलं नाही. काका गेले तेव्हाही भाऊसाहेब अंत्ययात्रेत लांबून चालत होते.

त्या उन्हात आळीनं गाळ काढला. काका काठावर उभे राहून घमेली पुढं देत होते. कोणी त्यांना टाकून बोललं नाही, कोणी समजूतही घातली नाही. मजकूर मात्र त्यांनी विहिरीला पाणी येईपर्यंत पुसला नाही.

त्यानंतर पहिली बातमी त्यांनी साखरेची लिहिली : रेशनच्या दुकानात शनिवारी साखर मिळेल. आमच्या मागं राहणाऱ्या गंगूबाई म्हात्रे हंडा घेऊन चालल्या होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, म्हणून मी ओळ वाचून दाखवली. शेवटचा शब्द काकांनी अजून लिहिला नव्हता. गंगूबाईंनी हंडा खाली ठेवला.

“बाबा, हे तुमी सोताच्या डोल्यांनी बगलाव का?”

इतक्या वर्षांत काकांना असं कोणी विचारलं नव्हतं. मला वाटलं, त्यांना लागलं असेल. त्यांनी खडू फळ्याच्या कडेला ठेवला आणि हात झटकले.

“नाही. दुकानदार म्हणाला. चला, माल आलाय का बघून येऊ.”

त्यांनी छत्री उघडली आणि ते दुकानाकडे निघाले. हंडा माझ्यापाशी ठेवून गंगूबाई त्यांच्या मागोमाग गेल्या.