कड वाऱ्याकडे

आमच्या कॉलेजचा उपग्रह बुटांच्या खोक्याएवढा, दोन्ही बाजूंना सौरपट्ट्या पसरलेल्या. नगरच्या आकाशातून जाताना तो बीप-बीप करायचा. माझे यजमान आमच्याच विभागात शिकवायचे. उपग्रहाला वळवण्याची व्यवस्था त्यांनीच बसवलेली. आजारपणात त्यांचं कॉलेज सुटलं, तेव्हापासून मी कॉलेजच्या गच्चीवरच्या खोलीतून घरी फोन लावून त्यांना तो आवाज ऐकवायची. त्यांची औषधं, पथ्य आणि उपग्रहाच्या वेळा मी एकाच कागदावर मांडून फ्रीजला लावल्या होत्या.

उन्हाळ्यात सूर्यावर वादळं झाली. तशात वरची विरळ हवा फुगते आणि उपग्रहाला अडवते. आमचा भराभर खाली येऊ लागला. कॉलेज उघडेपर्यंत तो टिकेल असं दिसेना. नव्या मुलांना त्याला स्वतःच्या हाताने एक आज्ञा देऊ द्यायची, असा यजमानांनी शब्द दिला होता.

"त्याची कड वाऱ्याकडे कर," ते अंथरुणातून म्हणाले. "आमच्या अकोले तालुक्यात भात लावताना पाठीवर पानांचं इरलं असतं. वारा सुटला की माणूस अंग तिरकं करतो. न्हाई केलं, तर इरल्यासकट खाचरात."

"पण मग पट्ट्यांवर ऊन कमी पडणार. बॅटरी पुरायची नाही, आवाज बंद ठेवावा लागेल. तुम्हाला काही ऐकू येणार नाही."

"तुझा आवाज आहे की दिवसभर. गोळी घेतली का, पाणी प्यालात का."

"अहो, चेष्टा नको."

"चेष्टा नाही गं. पोरांना मिळू दे."

मी आज्ञा पाठवली. आवाज थांबला, उतरणंही मंदावलं. त्यानंतर ते रोज विचारायचे, "वर आहे ना?" मी गणित पाहून सांगायची, "आहे." तेवढ्यावर ते डोळे मिटून घ्यायचे.

कॉलेज उघडायच्या आधीच ते वारले.

दिवसकार्य उरकून मी कामावर आले. नव्या तुकडीतल्या जामखेडच्या मुलीने आज्ञा टाइप केली: पट्ट्या सूर्याकडे. दुसऱ्या दिवशी उपग्रह आला तो बीप-बीप करतच. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"मॅडम, आता परत कड वळवू ना? नाहीतर खाली येईल."

यजमान म्हणाले असते, लगेच वळव.

"वळवायचीच," मी म्हणाले. "पण हा डोक्यावरून जाऊ दे आधी."