धारच्या स्टँडवर घेतलेलं नाव

माउंट आबूला मी एकटीच जाणार होते. पाठीवर सॅक, मिळेल ती बस, वाटेल तिथे मुक्काम, ही माझी दरवर्षीची खोड. यंदा बाबा म्हणाले, "मीही येतो. डोंगरावरचा तो तलाव बघायचा राहिलाय." त्यांच्या विसरण्याला डॉक्टरांनी नुकतंच एक भारदस्त नाव दिलं होतं. "काय बघतोय ते कळतंय तोवर बघून घेऊ," असं ते इतक्या सहज म्हणाले की मला नाही म्हणता येईना. मग आईही निघाली. बाबांनी आमच्या देवासच्या बाजारातून स्वतःसाठी निळी सॅक आणली आणि आईनं तिच्यात दशम्या आणि लसणाची चटणी कोंबली. आमच्या घरचं बॅकपॅकिंग ते असं.

इंदूरहून आबूची बस धरली. धार येईपर्यंत बाबा खिडकीशी खुशीत होते. धार त्यांचं गाव. पहिली नोकरी अमझेऱ्याच्या शाळेत, तेव्हा रोज याच स्टँडवरून बसनं जाणं-येणं. धारला बस थांबली, मी पाण्याच्या बाटल्या घ्यायला उतरले. परतले तर सीटवर निळी सॅक, सॅकवर त्यांचा मोबाइल, आणि शेजारी आईचा डोळा लागलेला. बाबा नव्हते.

"अगं, आत्ता तर इथं होते," आई म्हणाली आणि चपला न घालताच खाली उतरली.

मी मुतारीपाशी पाहिलं, चहाच्या टपऱ्या पाहिल्या, फाटकाबाहेरचा रस्ता पाहिला. "बाबा" म्हणून ओरडले तर दोन अनोळखी म्हातारे आणि एक साधू वळले. स्टँडवरून एकेक बस हलत होती. त्यातल्या एखादीत ते असतील, तर कुठे उतरतील, कोणाला काय सांगतील? स्वतःचा पत्ता ते कधी देवासचा सांगत, कधी चाळीस वर्षांपूर्वीचा.

कंडक्टर मागे आला. "दीदी, टाइम हो गया. सवारी चिल्ला री है." त्याचं चुकलं नव्हतं, तरी मी त्याच्यावर खेकसले.

पूछताछच्या खिडकीतल्या माणसाला मी बाबांचं नाव सांगितलं. त्यानं ते भोंग्यावरून पुकारलं, पुढे श्री आणि मागे जी लावून, पुन्हा पुन्हा. कोणी आलं नाही. मग मी माइक घेऊन बोलले. तरी नाही. तो म्हणाला, "माताजी को बोलने दो. घरवाली की आवाज आदमी पहचानता है."

आईनं माइक धरला. लग्न झाल्यापासून तिनं बाबांना 'अहो'खेरीज हाक मारली नव्हती. नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात, हळदीकुंकवाला, तेही बायकांनी दार अडवल्यावर. तिचे ओठ हलत होते. ही आता यमक जुळवतेय की काय, असं वाटून माझं डोकं फिरलं.

"आई, नुसतं नाव घे. नुसतं," मी म्हणाले.

तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, डोळे मिटले आणि घेतलं. नुसतं नाव. मग आणखी एकदा, मोठ्यानं, रडवेल्या आवाजात. ते नाव मी इथे लिहिणार नाही, तो तिचा हक्क.

पलीकडे अमझेऱ्याची बस सुटायच्या बेतात होती. तिच्या दारातून बाबा जवळजवळ उडी मारूनच उतरले आणि गर्दीतून धक्के खात खिडकीकडे धावत आले. मी पुढे झाले, पण मला ओलांडून ते आईपाशी गेले. तिचा हात धरून त्यांनी तिला आधी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय झालं तुला?" त्यांना धाप लागली होती. "तू नाव घेतलंस. मला वाटलं, तुला काहीतरी झालं."

"काही नाही झालं," आई म्हणाली. "चला, बस उभी आहे."

माझी हाक, खिडकीतल्या बाबूचा पुकारा, श्री आणि जी, सगळं त्यांना ऐकू गेलं होतं. शाळेला उशीर होईल म्हणून ते उठले नव्हते.

पुढचा सगळा रस्ता आईनं त्यांच्या शर्टाची बाही सोडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बस घाट चढली. तलाव पाहून बाबा म्हणाले, "छान आहे, पण मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान आहे." आम्ही काठावर बसून उरलेल्या दशम्या खाल्ल्या.

आता तो तलाव त्यांना आठवत नाही. 'अहो' म्हटलेलंही कळत नाही. त्यामुळे देवासच्या घरात आई दिवसातून कितीदा तरी त्यांचं नाव घेते, जेवायला, औषधाला, दिवेलागणीला. आणि दर वेळी ते हातातलं टाकून धावत येतात, तिचा हात धरतात, वरपासून खालपर्यंत पाहतात आणि विचारतात, "काय झालं तुला?"