गाळ उपसलात, म्हणून निधी नाही!

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे.

सिद्धगडाच्या पायथ्याशी आमच्या पाड्याला एकच विहीर. गाळ काढून कठडा बांधायला ग्रामपंचायतीने निधी मागितला होता. वाट बघून कंटाळलो आणि गेल्या महिन्यात आम्ही बायकांनीच गाळ उपसला.

आज पाहणीला पंचायत समितीचे साहेब आले. आत डोकावून म्हणाले, "मंजुरीआधीच काम सुरू केलंत? मग आता निधी नियमात बसत नाही."

"आणि कठडा? पोरं इथंच खेळतात," मी म्हटलं.

गाळाच्या पाट्या वाहून मान धरलेली जनीआत्या भडकली. "मग आमी गाळ परत टाकू काय? तो बघा, बाजूलाच पडलाय!"

साहेब हसले. निघताना प्यायला पाणी मागितलं. आत्याने त्याच विहिरीतलं तांब्याभर दिलं.

खरं सांगा, तुम्ही दिलं असतंत?